तहकूब सभा

मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'निषेध' होता. बाकीची मुलं कमळ, बदक, गवत करत शाळेत आली. मी आले ती 'जाहीर निषेध' वाचतच. यात माझं कर्तृत्व काही नाही, घरात वाचायला तेच होतं. पप्पा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथ चालवायचे आणि घरी आले की कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेला गठ्ठा केडगावच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडायचा आणि मग त्याला मरण नव्हतं. फडताळात डब्यांखाली पत्रक, चपलांच्या कप्प्यात पत्रक, शाळेच्या डब्यात चपातीखाली पत्रक. तेल लागून कागद पारदर्शक व्हायचा आणि मधल्या सुट्टीत मी 'व्यवस्थापनाच्या मुजोरीला सडेतोड उत्तर' वाचत वाचत शेंगदाण्याची चटणी खायचे. मागची बाजू कोरी असायची. तिच्यावर माझा गृहपाठ व्हायचा आणि माझ्या पाठच्या शमूची चित्रं. सगळ्यात धाकटा दानी अजून कशाचाही अर्थ लावत नव्हता, तो पत्रकं सरळ खायचा.

पप्पांच्या वडिलांनी जन्मभर सायकलवरून गावोगाव जाऊन ख्रिस्ती धर्माच्या पत्रिका वाटल्या होत्या. माझं सुवार्ता हे नाव त्यांनीच ठेवलं. नंतर पप्पांनी संघटनेची पत्रकं वाटली. आमच्या घराण्यात लोकांच्या हातात कागद कोंबायची चालच आहे, असं आई म्हणायची. म्हणताना तिचा चेहरा इतका शांत असायचा की ती कौतुक करतेय की तक्रार, हे पप्पांना कधी कळलं नाही. आता मी तिशीला टेकले आहे, मीही पत्रकं लिहिते, आणि मला वाटतं ते पप्पांनी मुद्दामच कळून घेतलं नाही.

आईचं माहेर हिवरे बाजारच्या शेजारच्या शिवारातलं. त्या भागात पाण्यापासून कुऱ्हाडीपर्यंत सगळं ग्रामसभेत ठरतं. कोणी किती खोल बोअर घ्यायचं, कुठल्या रानात जनावर सोडायचं नाही, कोणाच्या म्हशीनं कोणाच्या रानातला घास खाल्ला, सगळं. लहानपणी आई तिच्या वडिलांच्या मांडीवर बसून या सभा ऐकायची, इतर मुली गोष्टी ऐकतात तशा. पुढं ती शिकून नर्स झाली, नगरला एका खासगी दवाखान्यात लागली, लग्न झालं, मी झाले, तरी जात राहिली. शमू झाला तेव्हा थांबली. दानी झाला तेव्हा थांबलेलीच होती. पण गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. शेजारच्या शेख चाचीला रोज सकाळी साखरेचं इंजेक्शन लागायचं. चाची दारात येऊन नुसती खाकरायची, आई परातीतून पिठाचे हात काढायची, साबणानं कोपरापर्यंत धुवायची, इंजेक्शन द्यायची आणि पुन्हा पिठात हात घालायची. चाची म्हणायची, "सिस्टरच्या हाताला सुई असते, पण सुईला टोक नसतं." मला त्या वयात आईच्या हातांबद्दल एवढंच माहीत होतं की ते एकतर पिठात असतात नाहीतर दानीच्या तोंडात, पत्रक काढत.

सभेची सुरुवात दुधी भोपळ्यानं झाली. एका आठवड्यात तो इतक्यांदा झाला की मी स्वयंपाकघराच्या दारावर पत्रक चिकटवलं. 'दुधी भोपळ्याचा जाहीर निषेध. केडगावच्या बालकांनो, एक व्हा. आज दुधी, उद्या दोडका.' पप्पा कामावरून आले, डबा हातात धरूनच त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, पाहिलंस का," ते आईला म्हणाले, "'उद्या दोडका' काय लिहिलंय. धोका पुढं न्यायला पाहिजे, हे मला चाळिशीत कळलं."

आईनं दार पाहिलं. "भाताच्या खळीनं चिकटवलंय. निघायचं न्हाई आता." मग म्हणाली, "आमच्या गावात असलं दारावर चिकटवत न्हाईत. ग्रामसभेत उभं राहून बोलतात."

झालं. पप्पांना एवढं पुरलं. त्या रविवारी देवळातून आल्यावर आमच्या पुढच्या खोलीत पहिली घरसभा भरली आणि नंतर दर रविवारी भरत राहिली. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तिथली उपासना संपवून उपाशीपोटी दुसऱ्या सभेला बसणारं नगर जिल्ह्यातलं आमचं एकच कुटुंब असावं. नियम आईनं सांगितले आणि पप्पांनी लिहून भिंतीवर लावले. घरातल्या प्रत्येक माणसाला एक मत. पाचापैकी तिघं हजर असल्याशिवाय सभा होणार नाही. तिघं जमले नाहीत तर सभा तहकूब होईल आणि अर्ध्या तासानं पुन्हा भरेल. अध्यक्ष पप्पा, पण त्यांनी मत द्यायचं ते फक्त मतं सारखी पडली तर. ठरावाच्या बाजूनं कोण, हे आधी विचारायचं, विरोधात कोण, हे नंतर. तहकूब सभेपुढं पप्पांनी आणखी एक ओळ लिहिली होती, पण तिथपर्यंत वाचायचा कोणाला धीर नव्हता. आम्हाला आपल्या मताची घाई झाली होती.

सभा मोठ्या बहारीच्या व्हायच्या. शमू सात वर्षांचा होता आणि त्याचा दर रविवारी एकच ठराव असायचा, चाचीच्या बिजली नावाच्या शेळीला करडू होईल तेव्हा ते आपल्याला मिळावं. दर रविवारी तो मंजूर व्हायचा, कारण बिजलीला करडू होत नव्हतं. मी हरकतीचे मुद्दे काढायचे. 'हरकतीचा मुद्दा' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण तो काढला की समोरचा गप्प बसतो हे पत्रकांतून शिकले होते. दानी तीन वर्षांचा. त्याची अडचण अशी होती की तो मत देताना दोन्ही हात वर करायचा आणि बाजूनं विचारलं तरी करायचा, विरोधात विचारलं तरी करायचा. यावर पप्पांनी निर्णय दिला की हात दोन असले तरी मत एक, आणि ते पहिल्या प्रश्नालाच दिलं असं समजावं. त्यामुळे दानी कायम सगळ्याच्या बाजूनं असायचा. असा मतदार मी पुढं पुष्कळ पाहिला.

आणि आई स्वयंपाकघरात असायची. रविवारचा रस्सा शिजत असायचा, बाजरीच्या भाकरी थापून व्हायच्या असायच्या, आणि आतून तिच्या हातांची थपथप येत राहायची. त्या थपथपीवर आवाज चढवून आम्ही सभेत बोलायचो. पप्पा म्हणायचे, "आता मतदान," की थपथप थांबायची, आई उंबऱ्यात येऊन एक हात वर करायची, पीठ उंबऱ्यावर सांडायचं आणि ती परत जायची. उंबऱ्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांवरून त्या दिवशी किती ठराव झाले ते सांगता आलं असतं. आम्हाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. पप्पा तर बाहेरच्या जगाला म्हणायचे, "आमच्या घरात लोकशाही आहे. चालू स्वयंपाकातून मतदान होतं."

मग आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या सरकारी दवाखान्यात आईची निवड झाली. तिनं परीक्षा दिली होती हेच आम्हाला माहीत नव्हतं. कागद आला त्या दिवशी तिनं तो वाचला, पदराला हात पुसून पुन्हा वाचला, आणि पप्पांपुढं ठेवला. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. केडगावहून रोज कर्जतला जाऊन यायचं तर दानीनं आईला फक्त झोपलेलं पाहिलं असतं. म्हणजे सगळ्यांनीच कर्जतला राहायला जायचं, आणि पप्पांनी तिकडून एसटीनं कारखान्यात जायचं-यायचं किंवा आठवडाभर इकडं कोणाकडं पडायचं.

पप्पांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "सभेत मांडू या."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्यामागच्या भिंतीला टेकून त्याच महिन्यातल्या पत्रकाचा गठ्ठा उभा होता. त्याचा मथळा होता, 'कष्टकरी भगिनींनो, नोकरी हा तुमचा हक्क आहे'.

"अहो," आई म्हणाली, "जगातल्या बायकांना हक्क, आणि मला सभा व्हय?"

ती चिडली की तिच्या तोंडची माहेरची भाषा आणखी घट्ट व्हायची. पप्पा म्हणाले, "तसं नाही गं. मुलांचंही मत आहे ना. आपण तत्त्व मानलं तर सोयीनं सोडता येत नाही." हे ते मनापासून म्हणत होते, हीच त्यांची पंचाईत होती. मला आज वाटतं, त्यांना ते एसटीचं येणंजाणं नको होतं आणि तसं म्हणायचीही लाज वाटत होती. तेव्हा माणूस तत्त्वाच्या आड जाऊन बसतो. तिथं सावली चांगली असते.

आम्हाला कर्जत नको होतं. माझं म्हणणं असं होतं की केडगावात माझं नाव झालं आहे. शाळेच्या भिंतीवरच्या अंकात दर महिन्याला माझा लेख लागायचा, आणि त्यातल्या एका लेखामुळे पाण्याच्या टाकीला झाकण बसलं होतं. असा माणूस कर्जतला जाऊन पुन्हा पहिल्यापासून काय करणार? शमूचं म्हणणं असं की बिजली आता खरंच गाभण आहे, पोट बघून चाचीनंच सांगितलं आहे, आणि अशा वेळी गाव सोडणं म्हणजे काय. दानीला आम्ही विचारलं, "कर्जतला जायचं का?" तो म्हणाला, "हो." "केडगावात राहायचं का?" "हो."

मी पत्रक काढलं. 'स्थलांतराचा घाट हाणून पाडा.' ते मी हातानं दोन प्रतींत लिहिलं, एक शमूला दिली आणि एक दानीला, जी त्यानं खाल्ली. मग मी मतांचा अंदाज घ्यायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की आमचं कठीण आहे. मी आणि शमू विरोधात. आई बाजूनं. दानी, पहिल्या प्रश्नाला दोन्ही हात, म्हणजे बाजूनं. दोन विरुद्ध दोन. मग पप्पांचं मत. आणि पप्पांच्या मागं तो गठ्ठा उभा. एवढ्या भगिनींना हक्क सांगून झाल्यावर ते आईच्या विरोधात हात वर करतील, यावर मी भरवसा ठेवायला तयार नव्हते. दानीला फोडायचा प्रयत्न केला. ग्लुकोजचं बिस्कीट दाखवून त्याला पहिल्या प्रश्नाला हात खाली ठेवायला शिकवलं. तो बिस्किटासाठी दोन्ही हात वर करायला लागला.

शनिवारी संध्याकाळी मला उपाय सापडला. तो पत्रकांतच होता, चपलांच्या कप्प्यात. 'बैठकीवर बहिष्कार'. संघटनेनं कारखान्याच्या कुठल्याशा बैठकीवर बहिष्कार टाकला होता आणि बैठक बारगळली होती. मी शमूला समजावलं. सभेला तिघं लागतात. आपण तिघं गेलोच नाही तर घरात उरतात दोघं. सभा होणार नाही. सभा नाही तर ठराव नाही. आणि पुढच्या रविवारपर्यंत आईची हजर व्हायची मुदत संपलेली असेल.

शमूनं विचार केला. "जेवणावरपण बहिष्कार?"

"अर्थात."

"उद्या मटण हाय."

"लढ्यात त्याग करावा लागतो, शमू."

"तू कर की. मी बहिष्कार टाकतो आणि जेवायला येतो." शमू आज वकील आहे, आणि अजून असाच युक्तिवाद करतो.

रविवारी देवळातून आल्यावर आई आत गेली, पप्पा कपडे बदलायला गेले, आणि मी दानीला कडेवर घेऊन, शमूला दंडाला धरून, जिन्यानं चाचीच्या गच्चीवर गेले. आमची आणि चाचीची भिंत एकच होती, घरं मात्र काटकोनात. गच्चीच्या कठड्यावरून आमची पुढची खोली उघड्या दारातून दिसायची आणि स्वयंपाकघराची खिडकी तर हाताशीच होती. चाची चटईवर सांडगे घालत बसली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आज इतवारची तुमची असेंब्ली नाही का?"

"आमचा बहिष्कार आहे," मी म्हणाले.

"अच्छा," चाची म्हणाली. "मग त्या कोपऱ्यात टाका, इथं सांडगे आहेत."

बरोबर वेळेला पप्पांनी नेहमीप्रमाणे ताटलीवर चमचा वाजवला. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. मग ते दारात येऊन गल्लीत बघून आले. आई उंबऱ्यात आली, हात पिठाचे. पप्पा तिला म्हणाले, "मुलं नाहीत." आईनं मान वर केली आणि सरळ कठड्याकडं पाहिलं. आम्ही डोकी खाली घेतली, पण दानीनं तिला पाहून दोन्ही हात वर केले.

"गणपूर्ती नाही," पप्पा जरा सुटल्यासारखे म्हणाले. "सभा तहकूब."

मी शमूला मिठी मारली. त्या क्षणाइतका निर्भेळ विजय मला नंतर कुठल्याच आंदोलनात मिळालेला नाही. खालून रश्श्याचा वास येत होता, लसणाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा, आणि शमू कठड्याला नाक लावून उभा होता. चाचीनं दानीच्या हातात कच्चं पीठ दिलं. सगळं आमच्या मनासारखं चाललं होतं. आणि मग थपथप थांबली.

आम्हाला ते लगेच कळलं नाही. चाचीलाच कळलं. सांडग्याचं पीठ हातात तसंच धरून तिनं कान दिला. "सिस्टरनं भाकरी थांबवली," ती म्हणाली. "बेटा, मी या घरात आल्यापासून इतवारी या वेळेला ही थपथप ऐकते. मधेमधे थांबते, पण अशी बंद पडत नसते."

मी खिडकीतून पाहिलं. आईनं गॅस बंद केला होता. तव्यावर काही नव्हतं, परातीत मळलेलं पीठ तसंच होतं. ती मोरीशी उभी राहून हात धूत होती, साबणानं, कोपरापर्यंत, चाचीला इंजेक्शन देण्याआधी धुवायची तसे. एकेक बोट वेगळं करून. मग तिनं ते स्वच्छ पुसले, आरशात बघून केस नीट केले, पुढच्या खोलीत गेली आणि सभेच्या सतरंजीवर बसली. तिला त्या सतरंजीवर बसलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

"अर्धा तास झाला," ती पप्पांना म्हणाली. "तहकूब सभा सुरू करा."

"पण दोघंच आहोत आपण. तिघं लागतात."

"भिंतीवर काय लिवलंय वाचा. तुमीच लिवलंय."

पप्पा उठून भिंतीपाशी गेले. आपलंच अक्षर त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'तहकूब झालेल्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'"

"आमच्या गावात अशीच रीत हाय," आई म्हणाली. "न्हाई तर चार रुसलेली माणसं घरी बसली की गावाचं कामच थांबायचं. सुरू करा."

वर गच्चीत शमूनं मला विचारलं, "म्हणजे आता आपण नसलो तरी चालतं?" पत्रकात बहिष्काराविषयी सगळं लिहिलेलं होतं, हे सोडून. पत्रकं लिहिणाऱ्यांनी नियम वाचलेले नसतात आणि नियम वाचणारे पत्रकं लिहीत नाहीत, हे माझं मत त्या गच्चीवर झालं आणि अजून बदललेलं नाही. बहिष्कार तत्त्वतः बरोबरच होता, असं मी आजही म्हणते. फक्त तो ज्या घरात टाकायचा त्या घरात ग्रामसभेच्या मांडीवर वाढलेलं कोणी नाही, याची खात्री करून घ्यायला हवी होती.

पप्पा खुर्चीत बसले. आई उभी राहिली. मला वाटलं होतं ती आता रागावून बोलेल, पण ती अगदी सावकाश बोलली, चाचीला दुखणार नाही तिथं सुई लावायची तशी.

"ठराव पहिला. मी बुधवारी कर्जतला हजर होणार. मला माझं काम येतं आणि ते मी लई दिवस फुकट करतेय. मुलांना घेऊन जाणार. शाळा बघितलीय, खोली बघितलीय, दवाखान्याच्या मागंच हाय. तुमचं तुमी ठरवा, पण सोमवारी कपड्यांची पिशवी माझ्याकडं आली पाहिजे, म्हणजे मला कळंल तुमचं काय ठरलं."

पप्पांनी घसा साफ केला. "अनुमोदन कोणाचं?"

"घरात दुसरं कोण हाय?"

"अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही गं."

"मग खुर्ची सोडा."

कठड्यावरून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ते उठले, खुर्ची भिंतीला सरकवली, सतरंजीवर आईशेजारी आले आणि कारखान्याच्या फाटकाशी भाषण करताना उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. समोर रिकामी खुर्ची होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "माझं अनुमोदन आहे." मग आवाज उतरवून आईला म्हणाले, "मला ते एसटीचं जमेल का, असं वाटत होतं. बाकी काही नव्हतं."

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली. "सकाळची पहिली गाडी रिकामी असते. झोपून जायचं. पत्रकं लिवायची तर परतीच्या गाडीत लिवा. ठराव दुसरा."

"दुसरा पण आहे?"

"सभेच्या वेळेला घरात कोणी चुलीपाशी राहणार न्हाई. कोणीच न्हाई. जे असंल ते सभेनंतर मिळून करायचं आणि मिळून खायचं."

पप्पांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं पाहिलं. पांढरे ठिपके तिथं होते, जुने आणि त्या सकाळचे. एवढे रविवार गेले, पण ते त्यांना तेव्हाच दिसले असावेत, कारण दुसऱ्या ठरावाला त्यांनी अनुमोदन दिलंच नाही. ते वाकून हातानं उंबरा झाडायला लागले.

दानीला हे सहन झालं नाही. आई खाली आणि आपण वर, शिवाय कोणीतरी कशाला तरी हात वर करत असणार. तो माझ्या कडेवरून उतरून बुडावर बसत बसत जिना उतरला आणि पुढच्या खोलीत जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्याच्यामागं शमू गेला. तो म्हणाला मत द्यायला, पण गेला सरळ रश्श्याकडं. गच्चीवर मी एकटी उरले. चाचीनं सांडगा घालत विचारलं, "तुझा बहिष्कार अजून चालू आहे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, चाची."

"जा बेटा. तत्त्व मी इथं राखते."

मी खाली गेले आणि दारात उभी राहून निषेध नोंदवला. ही फसवणूक आहे, असं म्हणाले. आईनं मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांत सांडग्याचं पीठ लागलं होतं ते काढत म्हणाली, "मुद्दा चांगला होता तुझा. पण सभेत येऊन मांडायला पायजे होता. तू बोलली असतीस तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. लई घाबरले होते मी त्याला."

त्या दुपारी आम्ही रस्सा पावाबरोबर खाल्ला, कारण झालेल्या भाकरी पुरणाऱ्या नव्हत्या. पप्पांनी परातीतल्या पिठाच्या करून पाहिल्या. एक नगर जिल्ह्यासारखी झाली, पारनेरच्या बाजूला फाटलेली, आणि ती शमूनं खाल्ली. परवा हे प्रकरण मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मटण नव्हतं, कोंबडी होती." मी निषेध नोंदवून घेतला आणि मटणच ठेवलं.

सोमवारी पप्पांची पिशवी दारात होती. बुधवारी आम्ही टेम्पोतून कर्जतला गेलो, भांड्यांच्या बरोबर पत्रकांचे गठ्ठे, आणि वाटेत दानीनं एक मोठा मथळा खाल्ला. करडाचा ठराव पुढं पूर्ण झाला, पण तो मंजूर असल्यामुळे नाही. चाची ते स्वतः एसटीतून मांडीवर घेऊन आली. बरोबर इंजेक्शनही आणलं होतं, म्हणाली, तिकडच्या सिस्टरच्या सुईला टोक आहे.

कर्जतची पहिली सभा नव्या खोलीत झाली. बसायला गाठोडी होती. नियमांचा कागद पप्पांनी पुन्हा भिंतीला लावला आणि या वेळी मी तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. गॅस बंद होता. आई रात्रपाळी करून सकाळीच आली होती, अंगाला स्पिरिटचा वास, डोळे लाल, आणि ती आमच्यात गाठोड्यावर बसली होती. मी ठराव मांडला की कर्जत हे गाव बरं आहे की नाही, याचा निर्णय सभेनं पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवावा. पप्पा म्हणाले, "बाजूनं कोण?" दानीचे दोन्ही हात वर गेले. शमूचा गेला. आईनं मांडीवरचा हात उचलून वर केला, आणि मी सवयीनं खाली जमिनीकडं पाहिलं. काहीच सांडलं नव्हतं.